पहिली बारी जळकोटची

मंगळवार, अकरा तारीख, सकाळी साडेदहा. ठिकाण : आपली यंत्रखोली, नांदेड.

हजर : आमचे प्राचार्य. यंत्र बसवणारे इंजिनिअर, तीन दिवसांपासून मुक्कामी. लातूरहून डॉ. रझिया आणि तुमच्या विभागातले दोघे. जळकोटची ज्योती, बर्फाच्या पेटीसह. भोकरच्या कॉलेजातले केंद्रे सर, ‘नुसतं बघायला’. आणि मी.

गैरहजर : तुम्ही. एरवी गैरहजेरीपुढं मी कारण लिहिते. आज तो रकाना तसाच सोडला.

सर, यंत्र चालू झालं! हे आधी सांगते, बाकीचं मागून. अकरा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरची सपाट रेघ एकदम उभी राहिली. टोक गाठून खाली आली आणि शेजारी दुसरं, बुटकं टोक उठलं. रझियानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी वाकली. ‘मी आपला दाराशीच उभा राहतो’ म्हणणारे केंद्रे सर स्टुलावर चढलेले. इंजिनिअर मराठी मुळीच न कळणारा, पण आमची तोंडं बघून तोही हसायला लागला. तुम्ही असता तर पहिलं काय विचारलं असतं ते मला माहीत आहे. “बाई, वेळ लिहिली का?” लिहिली.

तुम्ही गेलात त्याला एकोणीस दिवस झाले. एवढ्यात चार वेळा मी तुमचा नंबर काढून बसले. दोनदा सवयीनं, एकदा खरोखर विसरून. आणि एकदा एसीवाल्यानं झोत थेट यंत्राच्या तोंडावर सोडला तेव्हा, कारण त्याच्यावर कुणाच्या आवाजात रागवावं ते मला समजेना. शेवटी मीच रागावले. जमलं म्हणायचं. झोत फिरवला त्यानं.

पुढं कधी हे बाहेरच्या कुणाच्या हाती लागलं तर कळावं, म्हणून थोडक्यात. हे यंत्र म्हणजे रेणूचं वजन करणारा काटा. लातूरच्या अडतीत पोत्याचं वजन होतं, इथं डोळ्याला कधी दिसणार नाही अशा कणाचं. एखाद्या पाल्याच्या अर्कात नेमकं काय आहे, क्षयाच्या रोग्याच्या रक्तात औषध पुरेसं उतरलं की नाही, हे त्यावरून समजतं. रसायनवाल्यांना लागतं, औषधवाल्यांना लागतं, डॉक्टरांना लागतं. एकट्या कॉलेजाच्या आवाक्यातलं ते नाही. त्यामुळं आजवर आपल्या पोरांचे नमुने ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसून हैदराबादला जायचे. बर्फ वाटेत वितळायचा. उत्तर यायचं तेव्हा पोरगी लग्न होऊन गेलेली असायची, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, एकच उदाहरण आहे तसं. तुम्ही म्हणायचात, “एक का होईना, हाय का न्हाई?”

आपण दोघं भेटलो ते या एका गोष्टीसाठी. चार कॉलेजांनी मिळून अर्ज केला तर असं यंत्र मिळतं, असं दिल्लीच्या जाहिरातीत होतं. तुम्ही लातूरचे रसायनवाले, मी नांदेडची औषधनिर्माणवाली. पहिली बैठक तुमच्या विभागात झाली. मी टाइप करून नेलेल्या कागदावर वर ठळक होतं : ‘सामायिक प्रयोगशाळा सुविधा’. आमच्या प्राचार्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

“सामायिक म्हटलं की कोर्ट आलं. आमच्या गावात एक सामायिक बांध हाय. आजोबांपासून तारखा चालूत. दुसरा शब्द बघा.”

सगळे हसले. मी दुसरे शब्द लिहायलाही घेतले : संयुक्त, सामूहिक, एकत्रित. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तुमच्या विहिरीचं सांगितलं.

ते बोलणं मी तेव्हाच उतरवून घेतलं होतं. आज वही काढून पुन्हा वाचलं. “आमच्या वडलांचा विहिरीत चार आणे हिस्सा. बौद्धवाड्यातली जमीनवाली आमची तीनच घरं. सातबाऱ्यावर नाव ठळक. आठवड्यातून दोन दिवस आमची बारी. पण मोटर थोरल्या हिस्सेदाराच्या वावरात, पेटीची किल्ली त्याच्या कंबरेला. आमच्या बारीला लाइट असली की किल्ली सापडायची न्हाई. किल्ली सापडली की लाइट गेलेली. आन् लाइट गेली की बारी बुडाली. कागदावर हिस्सेदार, वावरात कोरडे.” मग प्राचार्यांकडं वळून म्हणालात, “शब्दाची काही चूक न्हाई सर. शब्द राहू द्या. नियम तेवढे मोटरवाल्याला लिहू देऊ नका.”

मी संयुक्त, सामूहिक, एकत्रित खोडलं.

मग प्रश्न आला, यंत्र ठेवायचं कुठं. आपल्याकडं काहीही येणार म्हटलं की लातूर का नांदेड यावरून आधी वर्षभर भांडण होतं, आणि तोवर ती गोष्ट तिसरीकडं जाते. मी दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांची यादी करून आणली होती. नांदेडचे अकरा, लातूरचे अकरा, मुद्दाम सारखे. ती पिशवीतून निघायच्या आत तुम्ही म्हणालात, “यंत्र नांदेडला ठेवा. वही लातूरला राहील.”

तुमच्याच विभागातले तुम्हाला फितूर म्हणाले. तोंडावर म्हणाले. तुम्ही म्हणालात, “यंत्राला खोली लागते, एसी लागतो, चोवीस तास लाइट लागते. नांदेडात ते तयार हाय. वहीला काय लागतं? टेबल. पण बारी कुणाची ते वही सांगती.” ज्याच्या खोलीत यंत्र, त्याच्या हातात वही नाही. इतकी साधी गोष्ट माझ्या बावीस मुद्द्यांत नव्हती. त्या दिवसापासून तुमच्यापुढं यादी ठेवताना मला परीक्षेचा पेपर देतेय असं वाटायचं, आणि त्याची मजाही यायची.

नियम आपण तिघांनी लिहिले, तुम्ही, मी आणि रझिया. ती मूळची उदगीरची, जीवाणूंवर काम करते, तुमच्या विभागाच्या वरच्या मजल्यावर बसते. तुम्ही मोठ्या उत्साहात पहिल्या पानावर मथळा घातला होता : ‘यंत्राची पाळी : नियमावली’. कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशी. रझियानं वाचलं आणि ओढणीत तोंड लपवून खुर्चीत दुमडली.

“काय झालं?”

“काही न्हाई सर.”

“अगं सांग की.”

“सर, यंत्राला पाळी येत न्हाई. आन् आली तर पोरी हात लावणार न्हाईत, त्यांच्या आया सोडणार न्हाईत.”

तुम्ही आधी लाल झालात, मग इतके हसलात की शिपाई पाणी घेऊन आला. पाळीची बारी झाली. माझ्याकडं तो पहिला कागद अजून आहे. फाईल करू का फाडू, तुम्हाला विचारायचं राहिलं. आता फाईल करते.

पाचवा नियम सबंध तुमचा : बारी चालू असताना लाइट गेली तर बारी बुडत नाही, लाइट आल्यावर उरलेला वेळ त्याच माणसाचा. मला वाटलं होतं, दिल्लीची समिती याला हसेल. विज्ञानाच्या अर्जात लाइट जाण्याचं काय लिहायचं? आमच्याकडं जनरेटर आहे, लाइट जात नाही, असं लिहावं असं माझं मत होतं. तुम्ही म्हणालात, “खोटं लिहायचं का? तेही नियमांत?”

आणि मग ती मुलाखत! अजून अंगावर काटा येतो. आमच्या सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर समितीचे पाच चेहरे. तुम्ही नवीन शर्ट घातलेला, घडीच्या रेघा तशाच. एका बाईंनी विचारलं, दुसऱ्या कॉलेजांना यंत्र खरंच वापरायला मिळेल याची खात्री काय. तुम्ही विहिरीचं सांगायला सुरुवात केली, हिंदीत, मध्येच मराठीत, आणि ‘किल्ली’ शब्दावर पडदा काळा झाला. पंखे थांबले. जनरेटर उठेपर्यंत आणि जोडणी परत लागेपर्यंत नऊ मिनिटं गेली. मी प्रत्येक मिनिट घड्याळात बघितलं. प्राचार्य म्हणाले, “गेलं. संपलं.” मी तर मनात पुढच्या वर्षीच्या अर्जाची यादी करायला लागले होते. तुम्ही शांत उभे. शर्टाची बाही सरळ करत.

चेहरे परत आले. त्या बाई म्हणाल्या, “आम्ही थांबलो होतो, बोला.” आणि तुम्ही म्हणालात, “मॅडम, आमची लाइट गेली, पण तुम्ही आमची बारी बुडू दिली न्हाई. हाच आमचा पाचवा नियम.”

त्या हसल्या. मग पाचही जण हसले. पण हसणं संपल्यावर त्यांनी तो नियम काढून मोठ्यानं वाचला आणि बाकीच्यांनी पान उलटून तो शोधला. मला त्या क्षणी कळलं की आपल्याला मिळणार. मी लिहूनही ठेवलं : ‘मिळणार’. खाली वेळ.

मंजुरी आली त्या दिवशी मी भाजी घेत होते. तुमचा फोन. “बाई, झालं! मंजूर! सगळं मंजूर!”

“पत्र आलं का सर?”

“पत्राचं काय घेऊन बसलात, मंजूर झालंय म्हणतो!”

“पत्राचा नंबर सांगा.”

“अहो बाई, जरा उड्या तर मारा!”

सर, मी मारली. भाजीवालीसमोर. तुम्हाला सांगितलं नाही तेव्हा. आज सांगते.

आणि आता जे खरं सांगायचं आहे ते. सातवा नियम.

मी पहिल्या मसुद्यात लिहिला होता : निकडीच्या वेळी यजमान संस्थेस अग्रक्रम राहील. तुम्ही लाल पेननं खोडला. मी शब्द बदलून परत लिहिला. तुम्ही परत खोडला. फोनवर आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, “सर, खोली नांदेडची, लाइट नांदेडची, यंत्र सांभाळणारा माणूस नांदेडचा. यजमानाला काहीतरी द्यावं लागेल.”

“चहा द्या.”

“मी गंभीरपणे बोलतेय.”

“मी पण. निकड कुणाची, ते कोण ठरवणार? मोटरवालाच ना?”

मी फोन ठेवला. नियम काढला.

अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी प्राचार्य सही करेनात. “खोली माझी, लाइट माझी आन् मी रांगेत? बाई, तो नियम घाला, मग आणा.” दुपारचे दोन वाजलेले. पाच वाजता मुदत संपणार. तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि अर्ज गेला नसता. मी बसले, टाइप केला, सातव्या क्रमांकावर घातला. त्यांनी सही केली. तुमच्या सहीचं पान आधीच माझ्याकडं होतं. तुमच्याकडचा माणूस ते घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, सरांनी वाचलं न्हाई, ‘बाईंनी वाचलंय ना, मग झालं’ असं म्हणाले. मी त्या सहीच्या पानाला माझी पानं जोडली. टाचणी लावताना वाईट वाटलं, असं लिहिलं तर खोटं होईल. काम झालं याचंच बरं वाटलं.

तुम्ही नांदेडला आल्यावर सांगू म्हटलं. मग मुलाखत आली, तेव्हा कशाला. मग मंजुरी आली, तुम्ही इतके खुशीत, तेव्हा कशाला. मग यंत्र आलं.

यंत्र आलं तो दिवस आपला शेवटचा. माहीत असतं तर मी यादी जरा वेगळी केली असती. ट्रकमधून खोकं उतरलं, खोलीपर्यंत आलं आणि दारात अडकलं. मी दार मोजलं होतं, यंत्र मोजलं होतं. खोकं मोजायचं राहिलं. “चौऱ्याण्णव कामांची यादी आन् खोकं राहिलं!” तुम्हाला झालेला आनंद मला सहन होत नव्हता. तुम्ही प्रत्येकाला बोलावून दाखवत होतात, ट्रकच्या ड्रायव्हरलासुद्धा. मग तुम्हीच ओळखीच्या गवंड्याला बोलावलं, चौकट काढायला. तो येईपर्यंत आपण दोघं व्हरांड्यात पायरीवर बसलो. तुम्ही लातूरहून उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, टरफलं वर्तमानपत्रावर नीट गोळा करत होतात. म्हणालात, “बाई, बारकं कॉलेज असलं की माणूस आधीच म्हणतो, आपल्याला कोण देणार. मग मागतच न्हाई. मी तर म्हणतो पहिली बारी असल्या कुणाला तरी देऊ. वहीत मी जळकोटचं नाव घातलंय.” मी हातातली शेंग सोलायची थांबले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. “काही बोलायचं होतं का?”

“न्हाई सर. गवंड्याला किती वाजता बोलवलंय?”

हे वाक्य मी एकोणीस दिवस उलटसुलट करून बघतेय. साधा कामाचा प्रश्न होता. तुम्ही वेळही सांगितलीत, साडेतीन. तो चारला आला.

आज सकाळी, सगळे यायच्या आधी, प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिला नमुना आपल्या कॉलेजचा लागेल. फोटोवाला सांगितलाय. सातव्या नियमाप्रमाणं.

मी विचारलं, “निकड काय आहे सर?”

“फोटो.”

“फोटो निकड नसते.”

“ते कोण ठरवणार?”

सर, तुमचाच प्रश्न, तुमच्याच शब्दांत, पण समोरच्या खुर्चीतून. माझे कान तापले. मी म्हटलं, “वही ठरवणार. वही लातूरला आहे, आणि वहीत जळकोट आहे. सरांच्या अक्षरात आहे. तुम्हाला खोडायचं असेल तर पेन देते.” मी खरंच पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. ते वाईट नाहीत सर, हेही लिहायला हवं. तुमच्या शोकसभेत ते मागच्या रांगेत रडत होते. शेवटी म्हणाले, “ठीक हाय. आजच्यापुरतं. नियम मात्र राहील.”

तर पहिली बारी ज्योतीची झाली. पोरगी पहाटेच्या बसनं निघालेली, पेटी मांडीवर घेऊन. जखमा चिघळवणाऱ्या जंतूंना मारणारं काहीतरी एका रानपाल्यात आहे, एवढं तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. नेमकं काय आहे, याचा नुसता अंदाज होता. इंजिनिअरनं तिलाच बसवलं. तिनं सुईनं नमुना सोडला आणि हात मागं घेऊन ओढणीला पुसला. मग ती रेघ! मोठं टोक तिला अपेक्षित होतं तिथंच, अगदी तिथंच. आणि शेजारचं बुटकं टोक कुणालाच अपेक्षित नव्हतं.

“हे काय हाय?” केंद्रे सर स्टुलावरून.

“माहीत न्हाई सर,” ज्योती म्हणाली. “पर हे माझं हाय.”

सर, खोलीत जो आरडाओरडा झाला! तुमच्या विभागातले दोघं, ज्यांनी तुम्हाला फितूर म्हटलं होतं, ते आळीपाळीनं पडद्याचा फोटो काढत होते. प्राचार्यांनी फोटोवाल्याला ज्योतीच्या बाजूला उभं केलं, स्वतः मागं राहिले. केंद्रे सरांनी हळूच मला विचारलं, आमच्या भोकरच्या पोरांचं काही असलं तर अर्ज कुणाकडं. मी म्हटलं, अर्ज नाही, लातूरला फोन करा, वहीत नाव घालतात. ते म्हणाले, “एवढंच?” एवढंच. तुम्ही हा ‘एवढंच?’ ऐकायला हवा होता. नुसत्या त्या एका शब्दासाठी आपली तीन वर्षं वसूल झाली.

जाताना रझियानं मला मिठी मारली. वही आता तिच्याकडं आहे. म्हणाली, “मॅडम, सर नेहमी सांगायचे, बाईंचा कागद आला की वाचायचं काम न्हाई, डोळे झाकून सही करायची. आता मी पण तसंच करणार.”

मी हसले. बसची वेळ सांगितली. पावणेतीनची.

आता कामाचं. सातवा नियम काढता येतो. कायमचा करार महिनाअखेर निघेल, तोवर दुरुस्ती चालते. दुरुस्तीचं पत्र मी आज दुपारी तयार केलं. प्राचार्यांकडं नेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “लातूरनं मागितलं तर मी अडवणार न्हाई. त्यांनी मागू द्या.” बरोबर आहे त्यांचं. पण लातूर मागणार कसं? तो नियम अर्जात आहे हेच लातूरला माहीत नाही. रझियाला वाटतं, तुम्ही तो खोडलात तिथंच संपला. तिला कुणीतरी सांगायला हवं की तो परत आला, कसा आला, कुणी घातला आणि कुणाच्या सहीखाली. त्यानंतर तिनं माझा कागद वाचून सही करायची का न वाचता, ते तिचं ती ठरवेल.

तुम्हाला सांगून झालं. तुमच्याकडून उत्तर येणार नाही म्हणून हे सोपं होतं, ते मला समजतं.

रझियाला फोन करायचा आहे. संध्याकाळी सहाला ती घरी पोहोचली असेल, असं आजच्या यादीत लिहिलं होतं. आता सव्वासात झाले. बाकीच्या सगळ्या कामांवर खूण झाली आहे. फोन अजून लावलेला नाही.